मामांचा उजवा कान

संपादकांनी लेख मागितला तो ‘आमच्या घरातला सैनिक’ या विभागासाठी. माझे थोरले मामा यंदा फाल्गुनात गेले, हे त्यांना ठाऊक होतं. १९६५च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत मामा तोफखान्यात होते, तेव्हा पंजाबातल्या खेमकरण आघाडीच्या आठवणी लिहा, वैद्यकीय फार नको, वाचकाला झेपत नाही, असं ते फोनवर म्हणाले. मी होय म्हटलं, पण लिहायला बसल्यावर ते जमेना. मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. मामांची दोन पदकं, समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, मामीच्या कपाटात आहेत. त्यांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं आहे. माणूस तिथे हजर होता, एवढंच त्यावरून कळतं. लढाईनं आणि नोकरीनं त्या माणसाचं काय केलं, याची मला वाचता येणारी एकच नोंद आहे, ती म्हणजे त्यांचा ऑडिओग्रॅम, ऐकण्याच्या तपासणीचा आलेख. त्यामुळे वैद्यकीय येणारच.

मामांची घरात ख्याती तुसडा माणूस अशी होती. लग्नाकार्यात ते मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसत. लहान मुलांनी काही विचारलं तर मान हलवत, आणि ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मुलांना कळत नसे. ‘त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं,’ असं मामी म्हणायची. ‘पेन्शन वाढली म्हटलं की बरोबर ऐकू येतं.’ गावात दुसरी समजूत होती. आमच्या आजोळच्या भागात, साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीच्या पंचक्रोशीत, घरटी एखादा फौजी असतोच. लढाईनं हवालदाराला मुकं केलं, असं तिथली जुनी माणसं आदरानं सांगत. या दोन्ही समजुती मला मान्य नाहीत, आणि त्या का मान्य नाहीत हे सांगण्यासाठीच मी लिहिते आहे.

कानाच्या आत वेटोळी घेतलेली एक नळी असते, कोक्लिया. उलगडली तर ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार पेशी, त्या आवाजाची खबर मज्जातंतूकडे पोचवतात. बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार, त्यांचं काम वेगळं आहे. हलका आवाज आला की त्या स्वतः हालचाल करून तो वाढवतात, मोठा आला की वाढवत नाहीत. स्फोटाच्या दाबानं आधी मरतात त्या याच बाहेरच्या पेशी. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत. जन्माला येताना मिळालेल्या साडेपंधरा हजारांवर आयुष्य काढायचं असतं.

प्रत्येक पेशीसमूहाकडे सुरांची एक ठरावीक पट्टी असते. स्फोटाचा मार बसलेल्या कानात सर्वांत आधी जातात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशी. ऑडिओग्रॅमवर तिथे एक खाच पडते, आणि ८००० हर्ट्झकडे रेघ पुन्हा थोडी वर येते. वयानं येणाऱ्या बहिरेपणात रेघ वर येत नाही, ती उतरतच जाते. मामा माझ्याकडे तपासणीला आले ते सत्तरी ओलांडल्यावर. त्या वयात वयाचा उतार खाचेला गिळतो. तरी त्यांची खाच दिसत होती, डाव्या कानात पुसट, उजव्या कानात स्पष्ट.

उजवाच का? बंदूकवाल्यांचा बहुधा डावा कान जास्त जातो. उजव्या खांद्याला रायफल लावून नेम धरला की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. मामांची तोफ होती पंचवीस पौंडी. तिचा गोळा सव्वाअकरा किलोचा, पल्ला सुमारे बारा किलोमीटर, आणि तिच्यावर सहा जणांची तुकडी. तीन नंबरचा गडी म्हणजे लेअर, नेम जुळवणारा. त्याची बैठक तोफेच्या डाव्या अंगाला. तो पुढे तोंड करून बसला की तोफ त्याच्या उजव्या हाताला येते. मामा तीन नंबर होते. एका माणसाच्या कानावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण या खाचेचा मला सुचणारा अर्थ एवढाच आहे.

कानाला क्षणभरसुद्धा सोसू नये असा आवाज म्हणजे १४० डेसिबलच्या वरचा धमाका, असं साधारण धरलं जातं. तोफेजवळ हा आकडा १७०च्याही पुढे जातो. वाचकाला ३० हा फरक किरकोळ वाटेल, पण डेसिबलची पट्टी सरळ चालत नाही. हवेच्या दाबाच्या हिशेबानं तो तीस पटींहून जास्त आहे. खेमकरणच्या लढाईत परमवीरचक्र मिळालेले अब्दुल हमीद ज्या जीपवर लढले, तिच्यावर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन होती. तिच्या मागच्या तोंडातूनही ज्वाळा आणि दाब बाहेर पडतो, म्हणजे आवाजाचा मार तिच्या गड्यांना दोन्हीकडून. हमीदांच्या गोळ्यांनी रणगाडा फुटल्याचं चित्र सगळ्यांना माहीत असतं, गन चालवणाऱ्याच्या कानाचं कुणी विचारत नाही.

तरीही मामांचा कान एकट्या लढाईनं घेतला, असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर १९६५ची ती लढाई काही आठवड्यांची. खेमकरणजवळच्या असल उत्तरचे निर्णायक दिवस ८ ते १० सप्टेंबर, आणि युद्धबंदी २३ला. मामांची नोकरी मात्र १९६२च्या चिनी आक्रमणानंतर भरती झाल्यापासून १९८०पर्यंत. नाशिक रोडला ट्रेनिंग, मग वर्षानुवर्षं फायरिंग रेंज. शांततेच्या काळात सरावात उडवलेल्या गोळ्यांची संख्या लढाईतल्या गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरेल. कानात कापूस घालायचे. कापूस जवळजवळ काहीच अडवत नाही. आणि नीट अडवणारं काही घातलं असतं, तर हुकूम ऐकू आला नसता. तोफेवरच्या माणसाला कान वाचवायचा आणि कान लावायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येत नव्हती.

आता ‘हवं तेवढंच ऐकू येतं’ याविषयी. मराठीतले स्वर जाड आवाजाचे, त्यांची ताकद खालच्या पट्ट्यांत. क, त, प, स, श, ख ही व्यंजनं बारीक, त्यांची ओळख पटते २००० हर्ट्झच्या वर, आणि ‘स’ तर ४०००च्याही वर. म्हणजे नेमकी खाचेत. अशा माणसाला आवाज येतो, बोलणं कळत नाही. काठ, ताट, पाट हे तिन्ही त्याला एकच. पुरुषाचा घोगरा आवाज, शांत खोली, समोर चेहरा, ओळखीचा विषय असेल तर तो बरोबर उत्तर देतो. बायकांचा किंवा नातवंडांचा आवाज, पाठीमागून, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या गलबल्यात आला, की काही लागत नाही. पेन्शनची बातमी पारावर मित्र सांगत, समोर बसून, सावकाश. ती ऐकू येणारच. मामीची हाक येई आतून, मिक्सर चालू असताना. यात लबाडी कुठेही नव्हती.

दुसरी तक्रार तिरसटपणाची. ‘मोठ्यानं बोल की गं,’ म्हणायचे, आणि मोठ्यानं बोललं की ‘वरडतीस कशापायी?’ बाहेरच्या पेशी मेल्या की हलका आवाज वाढवायला कुणी उरत नाही, म्हणून तो पोचत नाही. मोठ्या आवाजाला त्या पेशींची गरज नसते, तो पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकू न येणं आणि असह्य होणं यांच्यामधली जागा अगदी अरुंद राहते. आम्ही याला रिक्रूटमेंट म्हणतो. घरातले लोक याला स्वभाव म्हणतात.

इथे मला एका वादात शिरायचं आहे. तो लांबतो, पण सोडवत नाही. मामा रिटायर झाले तेव्हा त्यांच्या डिस्चार्ज बुकात कान ठीक असल्याची नोंद झाली. त्या काळची तपासणी कुजबुजीची. सहा मीटरवरून कुजबुजायचं, गड्यानं ते परत म्हणायचं. या चाचणीत ४००० हर्ट्झची खाच निसटू शकते. मग ठीक म्हणून बाहेर पडलेला माणूस वीस-तीस वर्षांनी बहिरा झाला, तर तो तोफेमुळे की वयामुळे? आम्हाला शिकवलं होतं की आवाज थांबला की इजाही थांबते, पुढची घट वयाची. अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं सैनिकांच्या बहिरेपणावर जो अहवाल २००५ साली जाहीर केला, त्याचाही कल तोच होता. उशिरा येणाऱ्या बहिरेपणाला पुरेसा पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं.

त्यानंतर बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००६ आणि २००९ मध्ये उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. २००९च्या प्रयोगात उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांचा ऑडिओग्रॅम पूर्ववत झाला, केसपेशी शाबूत होत्या. पण पेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले सांधे काही भागात निम्म्यानं तुटलेले होते, आणि त्या तंतूंचा ऱ्हास पुढे सावकाश चालूच राहिला. २००६च्या कामात, तरुणपणी आवाज सोसलेल्या उंदरांचे कान म्हातारपणी इतरांपेक्षा वेगानं खालावलेले दिसले. माझ्या शिक्षणाच्या पायालाच याचा धक्का होता. फायरिंगनंतर दोन दिवस कान बंद, मग आपोआप मोकळे, असं प्रत्येक गनर सांगतो. मामाही सांगत. मोकळे झाले म्हणजे बरे झाले, हे गृहीतच आता डळमळलं आहे.

माणसात हे तितकंच खरं आहे का, यावर माझ्याच क्षेत्रात जोरदार मतभेद आहेत. जिवंत माणसाच्या कानातले सांधे मोजता येत नाहीत, ते मृत्यूनंतर हाड कापूनच दिसतात. माझे काही सहकारी उंदरांवरून माणसाकडे उडी मारू नका म्हणतात, आणि शास्त्र म्हणून ते बरोबर आहेत. पण पेशंट समोर असतो तेव्हा ‘वयानुसार आहे’ हे दोन शब्द ज्या सहजतेनं लिहिले जातात, ती सहजता मला बोचते. वयाच्या बाजूनंही पुरावा लागतोच की. धर्मवीर सिंह या सैनिकाच्या अपंगत्व पेन्शनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीमुळे झाला असंच आधी मानावं, तसं नसेल तर ते दाखवण्याची जबाबदारी सैनिकाची नाही. माझ्या मते डॉक्टरांनीही तिथूनच सुरुवात करावी. मामांनी अपंगत्वाची पेन्शन कधी मागितली नाही. मागायचा विषय त्यांच्या डोक्यातच आला नाही.

लोकांचं अज्ञान मात्र आता सोसवत नाही. कानात कोमट तेल घालून आणतात. ‘मळ असेल, काढा’ म्हणतात. बाजारातून आवाज वाढवणारी डबी आणून आजोबांच्या कानाला लावतात आणि ते ती काढून फेकतात म्हणून हट्टी ठरवतात. ती डबी हलका आणि मोठा असा सगळाच आवाज सारखा वाढवते. ज्याला मोठा आवाज सोसत नाही, त्याला ती मारच असते. चांगलं यंत्र हलका आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी, आणि तेही खाच पाहून, प्रत्येक कानाला वेगळं जुळवावं लागतं. एक कान परवडतो म्हणून एकच लावतात. दहा-पंधरा वर्षं उशिरा येतात आणि पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून परत करतात. इतकी वर्षं शब्द न ऐकलेल्या मेंदूला ते पुन्हा शिकायला महिने लागतात. आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात कानात शिट्टी वाजते म्हणून तरुण मुलं येतात. फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा कायद्यात १९९९ पासून आहे. सुतळी बॉम्ब चार मीटर लांब राहून कोण लावतो?

मामांना दोन्ही कानांची यंत्रं बसवली तेव्हा जुळवणी सुरू असताना ते आवाजबंद खोलीत होते. पंखा नाही, भांडी नाहीत, मी समोर. तिथे ते बोलले. खेमकरणला ऊस होता, आपल्यासारखाच उंच. शेतात पाणी सोडलेलं, त्यात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले. रात्रभर फायरिंग, नळीला हात लावता येईना. तुकडीतल्या माणसांची नावं त्यांनी नंबरानं घेतली. दोन नंबर पंढरपूरकडचा, त्याला भाकरीची फार आठवण यायची. चार नंबर तिथेच राहिला. मग म्हणाले, ‘तवापास्नं कानात रातकिडं हायती. आधी वाटायचं, रानातलंच हायती.’

म्हणून लढाईनं त्यांना मुकं केलं हे मला पटत नाही. विचारणाऱ्याचा प्रश्न त्यांना ऐकू येत नव्हता, आणि चुकीचं उत्तर देऊन हसं होण्यापेक्षा गप्प राहणं बरं, एवढा स्वाभिमान त्यांना होता. अर्थात सगळंच मौन कानाचं नसेल. चार नंबरविषयी मी पुढे विचारलं तेव्हा प्रश्न त्यांना नीट ऐकू आला होता, तरी ते बोलले नाहीत. तेवढं मौन त्यांचं स्वतःचं होतं आणि तिथे माझ्या यंत्राचा काही संबंध नाही.

१९६५ला वीस वर्षांचे असलेले सैनिक आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. १९७१चेही पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात, वाड्यात, गावात असा कुणी असेल तर या दिवाळीच्या सुटीत त्यांना ऑडिओग्रॅमसाठी घेऊन जा. त्याची प्रत डिस्चार्ज बुकासोबत ठेवा, आणि पेन्शनचा प्रश्न असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोन्ही घेऊन जा. यंत्र लागलं तर दोन्ही कानांना लावा आणि किमान तीन महिने धीर धरा. मग टीव्ही बंद करून त्यांच्या समोर, उजेडात बसा, ओरडू नका, सावकाश बोला, आणि जे विचारायचं आहे ते विचारा.