मागचा लाल दिवा

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला नात्यात निकाह होता. रेल्वेची तिकिटे मिळाली नाहीत, म्हणून जालन्याहून आमच्या जुन्या गाडीनेच समृद्धी महामार्गाने जायचे ठरवले. अम्मी, दोन मुले आणि आम्ही दोघे. सकाळी आठला निघायचे होते, पण गाडीवरचे कव्हर काढून चावी फिरवली तर गाडी चालूच होईना. बॅटरी पार उतरलेली. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीला वायर जोडून ती चालू केली. ‘बॅटरी जुनी झाली,’ एवढे म्हणून आम्ही तो विषय संपवला आणि सफरची दुआ पढून अकराच्या सुमारास निघालो.

मुंबई ते नागपूर असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. दुचाकीला इथे बंदी आहे, वाटेत सिग्नल नाही, आणि सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, हिरवी तूर, सोयाबीन निघून मोकळी झालेली काळी राने. डोळ्यांना गार वाटते खरे. पण रस्ता इतका सरळ, की थोड्या वेळाने त्याच डोळ्यांवर झापड येऊ लागते.

अशा रस्त्यावर क्रूझ कंट्रोल बरे पडते. स्टिअरिंगवरचे बटण दाबले की ठरवलेला वेग गाडी आपणहून राखते आणि पायाला आराम मिळतो. उन्हाळ्यात ते नीट चालले होते. आज डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला, पण वेग ठरवायचे बटण कितीदा दाबले तरी धरेना. नववीतल्या मुलीने कप्प्यातले माहितीपुस्तक काढून वाचून दाखवले: वेग फार कमी असेल किंवा ब्रेक दाबलेला असेल तर क्रूझ लागत नाही. आमचा वेग नव्वद होता आणि ब्रेकवर पाय नव्हता.

“चैनीची गोष्ट आहे. नाही चालली तर नाही,” अम्मी म्हणाल्या. आम्हालाही ते पटले.

सिंदखेडराजाच्या पुढे जोहरसाठी एका पंपावर थांबलो. गाडी बंद केली, चावी खिशात टाकली, वुजू केला, सावलीला चटई अंथरून कसर अदा केली. सलाम फेरून उठलो तेवढ्यात धाकटा गाडीच्या मागून ओरडला, “अब्बू, लाल दिवे चालूच आहेत!”

जाऊन पाहिले. गाडीत कोणी नाही, चावी खिशात, आणि मागचे ब्रेकचे दिवे लखलखीत पेटलेले. घरी रात्रभर कव्हरखाली ते असेच जळत होते, म्हणून बॅटरी उतरली होती. पण खरा धक्का दुसराच होता. जवळजवळ तासभर आम्ही भरधाव रस्त्यावर होतो आणि मागच्या प्रत्येक गाडीला आमचे दिवे ‘ब्रेक लावला, ब्रेक लावला’ असेच सांगत होते. वर्गात आपण ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट शिकवतो, तसेच हे. सदा पेटलेल्या दिव्यावर कोण विश्वास ठेवणार? आम्ही खरोखर ब्रेक लावला असता तर मागच्याला ते कळले कसे असते? ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. अंतर ओळखायला डोळ्यांना वेळच उरत नाही.

बेताच्या वेगाने डाव्या लेनमधून जाऊन मेहकरला खाली उतरलो. गावात एक गॅरेज सापडले. मिस्त्री वयस्कर होते. क्रूझची तक्रार ऐकून त्यांनी आम्हाला ब्रेक दाबायला लावला आणि स्वतः मागे उभे राहिले. दाबला काय, सोडला काय, दिवे तसेच. मग मोबाइलच्या उजेडात पेडलखाली डोके घालून त्यांनी विचारले, “पायाखाली प्लास्टिकचे तुकडे दिसले होते का?”

दिसले होते! आदल्या दिवशी गाडी झाडताना निळे तुकडे निघाले होते. मुलाच्या खेळण्याचे समजून फेकून दिले.

“सर, तुमच्या क्रूझले काही नाई झालं,” ते हसून म्हणाले. “तो बरोबरच वागून राहिला.”

त्यांनी समजावले ते असे. ब्रेकच्या पेडलवर एक स्विच असतो. पाय उचलला की पेडलवरचा छोटा प्लास्टिकचा स्टॉपर त्या स्विचची दांडी आत दाबून धरतो आणि दिवे विझतात. उन्हाने, वयाने तो स्टॉपर ठिसूळ होऊन चुरला. दांडी रिकाम्या भोकातून बाहेर आली आणि गाडीने समजून घेतले की चालकाने ब्रेक दाबलाय. ब्रेक दाबला की क्रूझ सुटले पाहिजे, हा त्याचा पहिला नियम. म्हणून ते धरत नव्हते. मिस्त्रींनी त्या भोकात चपट्या डोक्याचा नट-बोल्ट बसवला आणि दिवे विझले. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून दिवे लागतात-विझतात याची खात्री केली. “नागपूरले नवा स्टॉपर टाकून घ्या,” म्हणाले आणि पन्नास रुपये घेतले.

पुढे रस्त्यात मुलांना आम्ही राल्फ टीटर यांची गोष्ट सांगितली. क्रूझ कंट्रोल शोधणारे हे अमेरिकन अभियंते लहानपणीच दृष्टी गमावून बसले होते. स्वतः गाडी चालवणे शक्यच नव्हते. पण दुसऱ्याच्या गाडीत बसले की वेगाचा कमी-जास्तपणा, हिसके त्यांना जाणवत. त्यातून हे यंत्र सुचले. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आले.

मुलगी म्हणाली, “त्यांना न दिसता कळलं, आणि आपल्याला दिसूनही कळलं नाही.”

उत्तर नव्हते. बॅटरी, निळे तुकडे, रुसलेले क्रूझ, तिन्ही खुणा समोर होत्या. दुआ आम्ही पढलो होतो. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही रसूलुल्लाह ﷺ यांची शिकवण मात्र विसरलो होतो. नागपुरात निकाहच्या आधी नवा स्टॉपर बसवला. आता कुठेही निघताना धाकटा गाडीमागे उभा राहतो. आम्ही ब्रेक दाबतो, सोडतो. त्याने “लागला, विझला” असे सांगितले की मगच बिस्मिल्लाह म्हणून गाडी हलते.