सांभाळून घेणारे दात

खालचा जबडा वरच्याच्या पुढे वाढत गेला, तर दात आपापल्या जागी ताठ उभे राहत नाहीत. खालचे पटाशीचे दात जिभेकडे कलतात, वरचे ओठांकडे झुकतात आणि हाडांमध्ये पडलेले अंतर आपल्या परीने भरून काढू पाहतात. हाडांत आठ-दहा मिलिमीटरची तफावत असावी आणि आरशात दातांमध्ये ती जेमतेम तीन दिसावी, असे होऊ शकते. ओठ, गाल आणि जीभ यांच्या हलक्या पण अखंड दाबाने हे काम वर्षानुवर्षे चाललेले असते. ज्याच्या तोंडात चालते त्याला त्याचा पत्ताही नसतो. दात सांभाळून घेत असतात. प्रौढ वयात जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्या तारा लावतात, त्या मुख्यतः हे सांभाळून घेणे थांबवण्यासाठी.

सर्जनला हाड तेवढेच सरकवता येते, जेवढे दात सरकू देतात. दात तीनच मिलिमीटरचे अंतर दाखवत असतील, तर तेवढे सरकल्यावर वरची ओळ खालच्या ओळीवर आदळते आणि उरलेली तफावत चेहऱ्यात तशीच राहून जाते. वाकड्या चौकटीच्या मापाने तासलेले दार चौकट सरळ केल्यावर बसत नाही, तसेच हे. म्हणून आधी वरचे दात मागे, खालचे पुढे आणून प्रत्येक ओळ आपल्या हाडावर सरळ उभी करतात. हाड अजून जागेवरच असते. त्यामुळे जे अंतर तीन मिलिमीटर होते ते सहा-सात होते, खालचा ओठ पुढे येतो आणि आजवर झाकलेली मूठ उघडी पडते. उपचार नीट चालला आहे याची खूण म्हणजे रुग्ण पहिल्यापेक्षा वाईट दिसणे. वैद्यकात अशी उदाहरणे फार नसावीत.

अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दात जुळण्याच्या दोषांचे तीन वर्ग केले. पुढे आलेला खालचा जबडा त्यातल्या तिसऱ्या वर्गात पडतो. त्याचे सर्वांत प्रसिद्ध घराणे युरोपातले हॅब्सबर्ग. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या चित्रांत भरघोस दाढीतूनही ती हनुवटी लपत नाही, आणि १७०० मध्ये निपुत्रिक वारलेल्या स्पेनच्या दुसऱ्या चार्ल्सला अन्न नीट चावता येत नसे. २०१९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी या घराण्याची ६६ चित्रे जबड्याच्या दहा सर्जनांपुढे ठेवली आणि नात्यातल्या लग्नांशी या हनुवटीचा संबंध असल्याचे दाखवले. राजघराणे नसलेल्या घरांतही ‘ही अगदी आजोबांची हनुवटी’ असे कौतुकाने म्हटले जाते, आणि डॉक्टरला दाखवायला हवे हे त्या कौतुकात कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रौढपणी तारा लागण्याचे हे एक कारण. दुसरे आणि खरे कारण हाडाच्या वाढीत आहे. खालचा जबडा चेहऱ्याच्या इतर हाडांपेक्षा उशिरापर्यंत वाढतो. मुलींमध्ये सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत, मुलांमध्ये विशीच्याही थोडे पुढे. वाढ संपण्याआधी शस्त्रक्रिया केली तर उरलेली वाढ ती पुसून टाकते. त्यामुळे डोक्याचे बाजूने क्ष-किरण चित्र घेतात, काही महिन्यांनी पुन्हा घेतात आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहतात. रेषा तंतोतंत जुळल्या तरच पुढचे बोलणे. तोवर रुग्ण कॉलेजात, नोकरीत किंवा लग्नाच्या वयात पोहोचलेला असतो.

सुरुवातीलाच एक निर्णय पक्का करावा लागतो, आणि तो मधेच बदलणे फार महागात पडते. शस्त्रक्रिया टाळून फक्त तारांनी दोष झाकायचा, तर खालच्या उपदाढा काढून खालचे पटाशीचे दात आणखी आत घेतात. दातांनी आपणहून चालवलेलेच काम डॉक्टर पुढे नेतो. शस्त्रक्रिया करायची, तर नेमके उलटे: गरज पडल्यास वरच्या उपदाढा काढतात आणि वरचे दात मागे घेतात. तोंडात लावायची रबरेही विरुद्ध दिशेने ओढणारी. एका वाटेने वर्षभर चालून मग दुसरी धरायची, तर सगळी पावले मागे घ्यावी लागतात आणि काढलेली उपदाढ काही परत उगवत नाही. म्हणून तारा लावणारा ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन यांनी पहिली तार लागण्याआधीच एकत्र बसणे आवश्यक असते.

हे दोघे एकत्र बसू लागले ते मात्र उशिरा. अमेरिकेतल्या व्हीलिंग गावी सायमन हलिहेन यांनी १८४९ मध्ये भाजल्याच्या व्रणाने ओढल्या गेलेल्या एका तरुणीच्या खालच्या जबड्यावर शस्त्रक्रिया केली. या क्षेत्राची सुरुवात तिथून मोजतात. तारांचा त्यात प्रश्नच नव्हता. वरच्या जबड्याचा छेद ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या रने ल फोर यांना शस्त्रक्रिया शोधायचीच नव्हती. फ्रान्समधल्या लिल शहरात मृतांच्या डोक्यांवर आघात करून चेहरा कुठे मोडतो याचा त्यांनी अभ्यास केला आणि तो १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. अपघातात हाड ज्या रेषेवर मोडते, तीच रेषा पुढे सर्जनांनी करवतीसाठी निवडली. खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना उभे चिरून एक थर दुसऱ्यावर सरकवण्याची आज सर्रास वापरली जाणारी पद्धत ह्यूगो ओब्वेगेझर यांनी रिचर्ड ट्राउनर यांच्यासह १९५७ मध्ये मांडली. हाड असे हवे तिथे नेता येऊ लागल्यावर दात नेमके कुठे असावेत हा प्रश्न टाळता येईना, आणि ऑर्थोडॉन्टिस्टची खुर्ची शस्त्रक्रियेच्या आधी आली.

तारांचे काम दाताच्या मुळाभोवती चालते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथे पेशी हाड खाऊन टाकतात, ज्या बाजूला ताण पडतो तिथे दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर या वेगाने सरकतो. अधिक जोर लावल्याने वेग वाढत नाही. उलट रक्तपुरवठा दबून काम थांबते. सुरुवातीच्या तारा निकेल आणि टायटॅनियमच्या असतात. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रियासेन यांनी तो दातांवर आणला. कितीही वाकवला तरी मूळ आकाराकडे परतायची त्याची ओढ हलकी आणि सतत असते. दातांना नेमके तेच मानवते. पुढे जाड, चौकोनी स्टीलची तार येते, ती मुळांचा कल बदलते. शस्त्रक्रियेआधीचा हा टप्पा बहुधा वर्ष ते दीड वर्ष चालतो, आणि अक्कलदाढा असतील तर त्या शस्त्रक्रियेच्या निदान सहा महिने आधी काढतात, कारण जबडा नेमका त्यांच्या जागेतूनच चिरायचा असतो.

रोजच्या जगण्यात हे वर्ष लांबते. तार बदलल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात, मऊ वरणभातही जड जातो. गालाच्या आतली कातडी दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटला घासून सोलते, त्यावर मेणाची गोळी दाबायची. शेंगदाणे, चकली, कणीस, ऊस, कडक लाडू बंद. पेरूच्या फोडी पातळ करून. पारदर्शक रबरे हळदीने पिवळी पडतात आणि मराठी स्वयंपाकात हळद कशात नसते? म्हणून बरेच जण राखाडी किंवा गडद रंग मागून घेतात. चिनी मातीचे, दाताच्या रंगाचे ब्रॅकेट मिळतात, पण ते ठिसूळ असल्याने शस्त्रक्रियेसाठी अनेक सर्जन धातूचेच पसंत करतात. प्रौढांच्या हिरड्या मुलांइतक्या माफ करणाऱ्या नसतात. प्रत्येक जेवणानंतर तारांमधून छोटा ब्रश फिरवला नाही, तर आधीच कमी असलेले हाड आणखी सुटते.

जेवणाची पद्धतही या दोषाला झाकत आलेली असते. चपाती हाताने मोडून, भात कालवून खाणाऱ्याला पुढच्या दातांनी तुकडा तोडायची वेळ क्वचितच येते. वडापाव, सँडविच आणि नूडल्स यांच्यापुढे मात्र काही चालत नाही. पाव तुटतो, आतली मिरची अख्खी बाहेर ओढली जाते. तारा दात सरळ करू लागल्या की हे अधिक होते, काही उच्चारही निसटतात. शिवाय लोक. पस्तिशीत तारा लावलेल्या माणसाला ‘आता या वयात?’ हे विचारणारे घरातच असतात, आणि सहा महिन्यांनी चेहरा आणखी ओढलेला दिसला की तेच ‘डॉक्टर बदलून बघा’ म्हणतात. समजावून सांगितले तरी पटत नाही, कारण दिसते ते खरेच वाईट असते. शस्त्रक्रियेची भीती सगळ्यांना असते. पण धीर सुटतो तो बहुतेकदा या मधल्या महिन्यांत.

हे महिने वगळण्याचा मार्गही निघाला आहे. जपानमधल्या सेंदाई इथल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये आधी शस्त्रक्रिया आणि मग तारांचे मुख्य काम, अशी उलटी मांडणी प्रसिद्ध केली. हाड कापल्यानंतर काही महिने त्या भागातली घडामोड वाढलेली असते आणि दात लवकर सरकतात, हा तिचा एक फायदा. पण दात कुठे जाऊन थांबतील याचा अंदाज आधीच बांधावा लागतो, आणि दातांची फार गर्दी असेल तर ही मांडणी लागू पडत नाही.

शस्त्रक्रिया जवळ आली की तारेवर छोट्या आकड्या बसवतात, ठसे किंवा स्कॅन घेतात, आणि ऑपरेशन टेबलावर दोन्ही जबडे कुठे भेटायचे हे ठरवणारी ॲक्रिलिकची पट्टी बनवतात. तार शेवटचे काही आठवडे निष्क्रिय ठेवतात. पट्टी बनल्यावर दात हलले तर ती बसणार नाही. छेद तोंडाच्या आतून घेतात, हाड टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी जोडतात. या पट्ट्या येण्याआधी जबडे सुमारे सहा आठवडे तारेने बांधून ठेवत. आता तोंड उघडता येते, पण हाड सांधेपर्यंत सहाएक आठवडे चावणे वर्ज्य: पेज, ताक, आंबील, सार, गाळलेली आमटी. सूज पहिले दोन-तीन दिवस वाढून मग उतरते. खालच्या ओठाचा आणि हनुवटीचा बधिरपणा काही महिने टिकतो, काहींमध्ये थोडा कायमचा राहतो. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या मज्जातंतूला सर्जनने कितीही जपले तरी हा धोका आधी सांगायलाच हवा.

तारा त्यानंतरही सहा ते बारा महिने राहतात, वरचे-खालचे दात एकमेकांत नेमके बसेपर्यंत. मग त्या काढून खालच्या पटाशीच्या दातांमागे बारीक तार चिकटवतात आणि रात्री घालायला, दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर देतात. टायटॅनियमच्या पट्ट्या त्रास देत नसतील तर काढत नाहीत. पुढे कधी एखाद्या किडलेल्या दाढेसाठी क्ष-किरण काढला की त्या ठळक दिसतात, आणि नव्या दंतवैद्याला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते.