चिनी झांज

तुम्ही लग्नाच्या वरातीतला बँड ऐकला असेलच. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ढोल यांच्या मागे एक माणूस दोन्ही हातांत झांजा घेऊन चालत असतो. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. माझी नजर मात्र लहानपणापासून त्याच्यावरच खिळून राही. पुढे मी ड्रम वाजवायला शिकलो. हिंदी चित्रपटांतील गाणी सादर करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात मी गेली कित्येक वर्षे ड्रमवर बसतो आहे. आज मी तुम्हांला माझ्या ड्रम सेटमधल्या एका झांजेची ओळख करून देणार आहे. ती सगळ्यांत कमी वाजते आणि ती कुठे ठेवायची याचा विचार मात्र मला सगळ्यांत जास्त करावा लागतो.

पूर्वी पाश्चात्त्य बँडमध्ये मोठा ढोल एक जण वाजवी, लहान ढोल दुसरा आणि झांजा तिसरा. १९०९ साली अमेरिकेतील शिकागो शहरातल्या लडविग बंधूंनी मोठा ढोल पायाने वाजवण्याचे एक चपळ पेडल विकायला काढले. अशा साधनांमुळे वादकाचे हात मोकळे झाले. मग एकाच माणसाभोवती ढोल आणि झांजा मांडल्या जाऊ लागल्या. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी लोकांनी आपली वाद्ये बरोबर नेली होती. त्यांच्या झांजा आणि रंगीत ढोल तिथल्या वादकांना आवडले. त्यांनी ते खुशाल आपल्या सेटमध्ये आणून बसवले. आम्ही ड्रमवाले जिला नुसते 'चायना' म्हणतो, ती झांज अशी आली.

तिच्या मायदेशी तिचे काम निराळे आहे. चिनी संगीत नाटकात पात्र रंगमंचावर येते, लढाई सुरू होते, तेव्हा झांजा कडाडतात. सिंहाच्या नाचातही त्या असतात. नेहमीची झांज पालथ्या घातलेल्या उथळ वाटीसारखी दिसते. तिचा काठ खाली झुकलेला असतो. चिनी झांजेचा काठ वर वळलेला असतो, टोपीची कड वर दुमडावी तसा. या वळणामुळे तिचा आवाज बदलतो. तो गोड नसतो. पत्र्याच्या छपरावर एकदम गारा कोसळाव्यात तसा तो येतो आणि बहुधा लवकर विझतो. मला तो आवडतो. माझ्या आईला तो कधीच आवडला नाही.

चांगली झांज काशाची असते. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. उत्तम झांजांमध्ये साधारण ८० भाग तांबे व २० भाग कथील असते. चीनमधील वुहान शहर अशा झांजांसाठी प्रसिद्ध आहे. दुसरे मोठे ठिकाण इस्तंबूल. तुर्की भाषेत झांजेला 'झिल' म्हणतात. तिथे १६२३ साली एका आर्मेनियन कारागिराने सुरू केलेला कारखाना 'झिल्जियन' या नावाने जगभर ओळखला जातो. झिल्जियन म्हणजे झांजा घडवणाऱ्याचे वंशज! विसाव्या शतकात हे घराणे अमेरिकेत गेले आणि त्यांनीही चिनी घाटाच्या झांजा बनवल्या. नवशिक्यांसाठी पितळेच्या स्वस्त झांजाही मिळतात. सरावाला त्या ठीक आहेत, पण त्यांच्या आवाजात जीव नसतो.

आता समजा, तुम्हांला अशी झांज विकत घ्यायची आहे. दुकानात जाताना आपल्या काठ्या आणि जमल्यास आपली नेहमीची झांजही बरोबर न्या. चायना एकटी ऐकली तर ती कशीही वाटते. इतर झांजांच्या शेजारी ती वेगळी उठून दिसते की नाही, हे ऐकायचे असते. १२ किंवा १४ इंचांची लहान झांज चटकन बोलते आणि चटकन गप्प होते. २० किंवा २२ इंचांची झांज खर्जात गरजते. मी १८ इंची घेतली. पातळ झांज हलक्या हातालाही उत्तर देते. जाड झांजेला जोर लागतो, आणि मग ती सगळ्यांच्या डोक्यावर बसते. आधी हळू वाजवा, मग जोरात. त्यानंतर काठ्या मित्राच्या हातात द्या आणि स्वतः दुकानाच्या दाराशी जाऊन उभे राहा. श्रोते ड्रमच्या स्टुलावर बसलेले नसतात ना!

घरी आणल्यावर पहिला प्रश्न येतो, ती सुलटी लावायची की उलटी? सुलटी लावली तर वर आलेली धार थेट काठीवर येते. काठीचे टवके उडतात आणि काठाला चीर पडण्याची भीती असते. म्हणून पुष्कळ वादक ती उलटी लावतात. मग काठी काठाच्या वळणावर पडते. मीही उलटीच लावतो. मात्र झांजेच्या भोकात प्लास्टिकची नळी आणि खाली-वर फेल्टच्या चकत्या हव्यातच. नाहीतर स्टँडचा लोखंडी दांडा ते भोक खातो. वरचा नट घट्ट आवळू नका. झांजेला डुलायला जागा हवी. तिला जखडून ठेवले तर आवाज कोंडतो आणि ती लवकर तडकते.

जागेचा सर्वसाधारण रिवाज असा आहे की उजव्या हाताने वाजवणाऱ्याने ती उजवीकडे, जमिनीवर उभ्या असलेल्या ढोलाच्या वर ठेवावी. स्टुलावर बसून हात पुढे करा. कोपर किंचित वाकलेले असतानाच काठी झांजेला लागली पाहिजे. त्यासाठी वाकावे लागले किंवा खांदा उचलावा लागला, तर तीन तासांच्या कार्यक्रमानंतर तो खांदाच तुमच्याशी बोलू लागेल. झांज आपल्याकडे थोडी कलती ठेवावी. लांब आडव्या दांड्याचा स्टँड असेल तर त्याच्या तीन पायांपैकी एक पाय त्या दांड्याच्या दिशेनेच यावा, नाहीतर सगळे धडाड्‌कन खाली येते.

मी मात्र हा रिवाज पाळत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात माझ्या उजव्या हाताला ट्रॉम्बोन वाजवणारे काका बसतात. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. राहिला डावा कान आणि तो माझ्याकडे! चायना नेहमीच्या जागी ठेवली तर ती त्या कानापासून जेमतेम दोन हातांवर येते. कानाच्या आत केसांसारख्या अगदी बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. नवी झांज आणली त्या दिवशी, तालमीच्या आधी, मी काकांच्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि गिटारवाल्या मुलाला ती वाजवायला सांगितली. एकदाच वाजवली, पुरे झाले.

तेव्हापासून चायना माझ्या डावीकडे असते, हाय-हॅटच्या पलीकडे, जरा खाली. त्या बाजूला पडदा असतो, माणूस नसतो. अर्थात तिथे ती डाव्या हातानेच वाजवावी लागते आणि माझा डावा हात आळशी. महिनाभर रोज उशीवर काठी मारून मी त्याला तयार केले. काकांनी या बदलाबद्दल काही विचारले नाही. मीही काही बोललो नाही.

एका कार्यक्रमात मी ती फार तर आठ-दहा वेळा वाजवतो. सगळेच असे करत नाहीत. मेल लुईस नावाचे अमेरिकन जाझ ड्रमवादक होते. १९६६ पासून त्यांचा वाद्यवृंद न्यूयॉर्कमध्ये दर सोमवारी रात्री वाजत असे. ते चिनी घाटाच्या झांजेवर हलक्या काठीने सतत लय धरत आणि तिच्या खरखरीवर ट्रम्पेट, सॅक्सोफोन मजेत तरंगत. पण गाण्याच्या साथीत, गायिका शब्द उच्चारत असताना, ती मध्येच कडाडली तर शब्दच गिळून टाकते. म्हणून कडवे संपून वाद्यांचा तुकडा सुरू होतो, त्या पहिल्या ठोक्यासाठी मी तिला राखून ठेवतो.

आमचा कार्यक्रम आज या गावी तर उद्या त्या गावी असतो. ड्रमखाली मी नेहमी एकच जुनी सतरंजी अंथरतो. तिच्यावर प्रत्येक स्टँडच्या पायांच्या जागी पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा आहेत. डाव्या कोपऱ्यातल्या तीन खुणांवर मी दुहेरी पट्टी लावली आहे. सामान मांडणारी मुले नाहीतर सवयीने तो स्टँड उजवीकडे नेऊन ठेवतात.