जेवढं लागतं तेवढंच

एखादी वस्तू खरोखर गरजेची आहे की नुसती सवयीची, हे ती बाजूला ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही. रोजच्या जगण्यात असा प्रयोग महागात पडतो. खेळात तो निर्धास्तपणे करता येतो. १९९४ साली आलेला निन्टेंडोचा ‘सुपर मेट्रॉइड’ हा त्यासाठी जणू बांधूनच ठेवलेला व्हिडिओ गेम आहे. सॅमस नावाची चिलखतधारी योद्धा झेबेस ग्रहाच्या पोटात एकटी उतरते, तेव्हा तिच्याकडे एक साधी बंदूक असते. पुढे गुहांमध्ये, पाण्याखाली, भिंतींच्या आड १०० वस्तू दडवलेल्या आहेत : ४६ ठिकाणी क्षेपणास्त्रांचे साठे, १४ ऊर्जाटाक्या, उंच उडीचे बूट, उष्णता झेलणारं चिलखत आणि असंच बरंच काही. एक वस्तू म्हणजे एक टक्का, आणि शेवटी किती टक्के गोळा झालं ते पडदा सांगतो. शंभर गाठावेत असं कुणालाही वाटेल. पण जगभरच्या काही खेळाडूंनी उलटी वाट धरली. कमीत कमी किती वस्तूंत हा ग्रह पार होतो, हे ते शोधत राहिले आणि आकडा १४ टक्क्यांपर्यंत खाली आला. खेळाच्या आज्ञावलीतल्या चुकांचा आधार घेणारे त्याच्याही खाली जातात; पण ज्यांना झेबेसची परीक्षा घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा १४ चा आकडाच बोलका आहे.

बोलका अशासाठी, की तो शून्य नाही. वस्तू नाकारत गेलं की अडथळ्यांचे दोन ढीग पडतात. उंच कडा दिसला की बूट हवेत असं वाटतं. पण एका खोल विहिरीसारख्या जागी तीन चिमुकले प्राणी या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत वर चढताना दिसतात. खेळ शब्दांत काहीच सांगत नाही. त्या प्राण्यांकडे पाहून शिकायचं असतं. भिंतीला पाय देऊन उलट उडी घेण्याची ही कला सॅमसच्या अंगात पहिल्या क्षणापासून असते, तिच्यासाठी कोणतीच वस्तू लागत नाही. म्हणजे तो कडा कधी अडथळा नव्हताच, अडत होतं ते न शिकल्यामुळे. याउलट शेवटच्या लढाईत मदर ब्रेन ही शत्रू जो इंद्रधनुषी झोत सोडते, तो चिलखत असतानाही ३०० एकक ऊर्जा शोषतो. मूळची ऊर्जा ९९. म्हणून तीन टाक्या लागतातच. तिथे कौशल्य, धैर्य, जिद्द काही चालत नाही. वस्तू सोडत गेल्यावर हाती येतं ते हे ज्ञान : कुठे शिकून भागतं आणि कुठे साधनाला पर्याय नसतो.

कोल्हापूरच्या तालमींना हा विवेक अनोळखी नाही. गंगावेश किंवा मोतीबागसारख्या तालमीत पैलवान लंगोट लावून हौद्यात उतरतो. जोर आणि बैठकांना स्वतःच्या अंगाखेरीज काही लागत नाही. वस्ताद आधी तेच घोटून घेतो, कारण डाव बसतो तो तयार अंगावर. पण म्हणून तालीम म्हणजे वैराग्य नव्हे. हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती मायेनं मळली जाते, आणि दूध, तूप, बदामाच्या खुराकात कुणी हात आखडत नाही. अंगावरचं सारं उतरवणारा पैलवान खुराकावर काटकसर करत नाही, यात विसंगती कसलीच नाही. काय सोडायचं आणि काय मुळीच सोडायचं नाही, या दोन्हींचा निर्णय एकाच जाणतेपणातून आलेला असतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो कोल्हापुरातच उभा राहतो. अभावाचं असं कौतुक करणं म्हणजे गरिबीला गोंजारणं नाही का? राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीत घडलेल्या या मल्लाला मॅट परकी होती. तिथे ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बँटमवेटमधलं कांस्य, घरी आलं. खाशाबांचा अभाव त्यांनी निवडलेला नव्हता. प्रवासखर्च ही त्यांची ऊर्जाटाकी होती. तिला कोणत्याही डावाचा पर्याय नव्हता. म्हणून आक्षेप मान्य करायलाच हवा : लादलेल्या टंचाईचं गुणगान करू नये. पण स्वेच्छेनं घातलेली मर्यादा त्या आक्षेपाच्या बाजूनंच साक्ष देते. १४ टक्क्यांचा खेळाडू कुणाला ‘शून्यात भागव’ असं सांगत नाही. उरलेली प्रत्येक वस्तू का लागते हे तो दाखवून देतो. ‘जिद्द असेल तर सगळं जमतं’ या सोप्या उपदेशाला यापेक्षा चोख उत्तर मिळणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की हा खेळाडू रिकाम्या हातानं जातच नाही. आधी सारा नकाशा पालथा घातलेला असतो, इतरांनी शोधलेल्या वाटा ठाऊक असतात. ती माहिती हीच त्याची न मोजलेली वस्तू. हे अगदी खरं आहे, आणि या छंदाचं मोल इथेच आहे. साधनं कमी होतात तसा जागेशी परिचय वाढावा लागतो. कुठला शत्रू कुठून झेप घेतो, कुठली कड पाय देण्याजोगी आहे, हे सारं जवळून पाहावं लागतं. २००४ सालच्या ‘मेट्रॉइड : झीरो मिशन’च्या निर्मात्यांनी हे ओळखलं. त्यांनी अशा खेळाडूंसाठी आडवाटा पेरल्या आणि १५ टक्क्यांच्या आत खेळ संपवणाऱ्यांना शेवटी वेगळं चित्र बक्षीस ठेवलं. शंभर टक्के गोळा करणाऱ्याला ग्रहावर काय काय आहे ते कळतं. कमीत कमी घेणाऱ्याला ग्रह कसा आहे ते कळतं, आणि ज्यांच्यावाचून आपलं अडेल अशी खात्री होती त्या गोष्टीही सोडता येतात, हे स्वातंत्र्य त्याच्या वाट्याला येतं. संग्रहाला मर्यादा घालण्याचं याहून चांगलं कारण मला दिसत नाही.