औट म्हणजे किती?

‘औट घटकेचं राज्य’ हा शब्दप्रयोग आपण सगळेच वापरतो. कुणी चार दिवस मंत्री झाला की बातमीत येतो, वर्गाचा मॉनिटर झालेल्या पोराला घरात कुणीतरी ऐकवतं. पण औट म्हणजे किती, हे मी मध्यंतरी जेवणाच्या सुट्टीत आमच्या लायनीवरच्या पोरांना विचारलं, तेव्हा बहुतेकांचा हात आधी खिशाकडे गेला. एकाने फोन न काढता उत्तर दिलं, ‘आऊट असेल सर. राज्यातून आऊट.’ हशा झाला. खरं उत्तर आलं ते टूलरूममधल्या काकांकडून. डब्यातून मान वर न काढता ते म्हणाले, ‘साडेतीन. घटका चोवीस मिनिटांची. चोवीस साडेतीन चौऱ्याऐंशी. म्हणजे दीड तासाला सहा मिनिटं कमी.’

मराठी शाळांतून एकेकाळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. आणे-पैसे आणि शेर-पायली यांच्या व्यवहारात ते रोज लागत. १९५७ साली दशमान नाणी आली, पुढे किलो-लिटर आले आणि या पाढ्यांची गरज संपली. काकांनी ते आजोबांच्या धाकाने पाठ केले होते. ते पाढे परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. औटकी येत नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. मला त्या जेवणाच्या सुट्टीत दुसरीच गोष्ट जाणवली. काका चौऱ्याऐंशीवर थांबले नव्हते. ‘दीड तासाला सहा कमी’ असं म्हणून त्यांनी तो आकडा ओळखीच्या मापाला लावून पाहिला होता. बरोबर वाटतोय ना, हे तपासलं होतं. ही सवय फोनवर उत्तर बघणाऱ्याला लागत नाही, कारण तिथे तपासायला काही उरलेलंच नसतं.

मी भोसरीत राहतो आणि चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत काम करतो. या पट्ट्याचा इतिहास म्हणजे एका अर्थाने हातातलं काम मशीनमध्ये जाण्याचा इतिहास आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांना माल पुरवणारे भोसरी-चिंचवडचे शेकडो वर्कशॉप. तेव्हा लेथवरचा माणूस हाताने चाक फिरवून कट घ्यायचा. या शतकात चाकणला मोठे प्लांट उभे राहिले आणि आमच्यासारख्या लहान कंपन्यांतही सीएनसी आल्या. आता पीस लावायचा, दार बंद करायचं, ‘सायकल स्टार्ट’ दाबायचं. कट किती घ्यायचा ते प्रोग्रॅममध्ये असतं.

यात वाईट काही नाही. जुन्या लेथवर बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. शंभरावा पीस पहिल्यासारखाच निघावा ही हमी हातापेक्षा सीएनसी कितीतरी चांगली देते. प्रश्न येतो तो मशीनचं किंवा मापाचं काहीतरी बिनसतं तेव्हा.

आमच्याकडे एक ट्रेनी आहे, लातूरकडचा, आयटीआय झालेला, कामाला अगदी चोख. एका सकाळी तो बुशचा बाहेरचा व्यास मोजत होता. ड्रॉइंगप्रमाणे ३२ मिलिमीटर हवा. त्याच्या डिजिटल व्हर्निअरवर ३० आला. दुसऱ्या पिसाला ३०, तिसऱ्याला ३०. त्याने नियमाप्रमाणे मशीन थांबवलं, रात्रीच्या शिफ्टचे सगळे पीस लाल बिनमध्ये टाकले आणि मला बोलावलं. तेवढ्यात काका तिथून चालले होते. त्यांनी बिनमधला एक पीस उचलला, तळहातावर घोळवला आणि म्हणाले, ‘हा तीसचा नाही रे. बत्तीसचाच आहे.’

पोरगा गोंधळला. ‘काका, मशीन खोटं बोलंल का?’

काकांनी व्हर्निअरचे जबडे पूर्ण मिटवले. स्क्रीनवर शून्य यायला हवं होतं. आलं वजा दोन.

झालं असं होतं की रात्रपाळीत कुणीतरी दोन मिलिमीटरच्या वॉशरवर ते व्हर्निअर ‘झिरो’ केलं होतं. एकाच जाडीचे बरेच पीस पटापट पडताळायचे असले की असं करतात: नमुन्यावर शून्य करायचं आणि फक्त फरक बघायचा. काम संपल्यावर ते परत नीट शून्यावर आणायचं राहिलं. त्यामुळे सकाळचं प्रत्येक माप दोनने कमी येत होतं. साधी पट्टीवाली व्हर्निअर शेजारीच पडली होती. तिचं शून्य पट्टीवर कोरलेलंच असतं, बटण दाबून हलत नाही. पण ती वाचायला मुख्य पट्टी बघा, मग छोट्या पट्टीवरची जुळलेली रेघ शोधा, तिला शून्य पूर्णांक शून्य दोनने गुणा, एवढा खटाटोप असतो. त्यामुळे तिला कुणी हात लावत नाही.

खरी गंमत पुढे झाली. मशीन दीड तास उभं राहिलं म्हणून रिपोर्ट करावा लागला. आमच्याकडे त्यासाठी ‘फाइव्ह व्हाय’ करतात. टोयोटातून आलेली पद्धत आहे: जे घडलं त्याला ‘का’ विचारायचं, उत्तर आलं की त्याला पुन्हा ‘का’, असं पाच वेळा, मुळाशी पोचेपर्यंत. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचा शिल्पकार ताइइची ओहनो यासाठी ओळखला जायचा. शॉपफ्लोअरवर खडूने गोल काढून तो इंजिनिअरला त्यात उभं करायचा आणि तासन्‌तास नुसतं बघायला लावायचा, असं सांगतात. आमच्या ऑफिसातल्या एका इंजिनिअरने ते पाच ‘का’ एआय चॅटबॉटला विचारले. अर्ध्या मिनिटात सुबक तक्ता आला. माप चुकलं, कारण ऑपरेटरने उपकरण तपासलं नाही. तपासलं नाही, कारण जागरूकता कमी. जागरूकता कमी, कारण प्रशिक्षण अपुरं. उपाय: ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण. इंग्रजी निर्दोष, फॉरमॅट परफेक्ट.

त्यात एकही वाक्य धडधडीत खोटं नव्हतं. असा रिपोर्ट जगातल्या कुठल्याही कारखान्यातल्या कुठल्याही चुकीला लागू पडला असता. फक्त तो लिहिताना कुणी खुर्चीतून उठलं नव्हतं. रात्रपाळीला विचारलं नव्हतं. वॉशर आणि बुश दोन्हींसाठी एकच व्हर्निअर का, हे विचारलं नव्हतं. आणि त्या तक्त्यात दोषाच्या रकान्यात त्या पोराचं नाव जाणार होतं. ट्रेनीची मुदत वाढवताना असले कागद बघितले जातात.

काका आणि मी रात्रपाळीच्या सुपरवायझरला फोन केला, दहा मिनिटांत सगळं उलगडलं. उपाय म्हणून दोन गोष्टी ठरल्या. वॉशरसाठी वेगळं व्हर्निअर, आणि शिफ्टच्या सुरुवातीला जबडे मिटवून शून्य बघायचं. रिपोर्ट बदलला, पोराचं नाव आलं नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली आहे. यंत्रावर विसंबलं की कौशल्य जातं असं आपण म्हणतो. पण त्याच्याही आधी शंका जाते. ‘हे तीस कसं असेल?’ असं वाटायला आधी हातात बत्तीसची ओळख असावी लागते. ती ओळख हजार पीस स्वतः मोजल्याशिवाय होत नाही, आणि मोजायचं काम आपण स्क्रीनला दिलेलं आहे. म्हणजे ज्या क्षणी स्क्रीनवर शंका घ्यायची गरज पडते, नेमकं त्याच क्षणी शंका घेण्याचं भांडवल आपल्याकडे नसतं.

लिझान बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये ‘आयरनीज ऑफ ऑटोमेशन’ या छोट्याशा निबंधात जवळपास हेच मांडलं होतं. सोपं काम यंत्र करतं, आणि यंत्राला न झेपणारा अवघड प्रसंग माणसाकडे येतो. पण रोजचा सराव गेल्यामुळे माणूस त्या प्रसंगासाठी आधीपेक्षा कच्चा झालेला असतो. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात १ जून २००९ ला वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने चोंदल्या आणि ऑटोपायलट बंद झालं. विमान उडण्याच्या स्थितीत होतं. पण काय होतंय हे पायलटना उमगलं नाही, आणि साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसांसह ते अटलांटिकमध्ये कोसळलं.

इतक्या लांब जायलाही नको. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या पुण्याकडच्या मंडळींची गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ मॅपने दाखवलेल्या रस्त्याने गेली. तिथला पूल धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी बुडाली, चालकाचा जीव गेला. गावातल्या कुणालाही तो पूल पाण्याखाली असल्याचं माहीत होतं. आमच्या चाकणमध्येही पत्ते विचित्र असतात. गट नंबर अमुक, निघोजे. गट नंबर तमुक, खालुंब्रे. बाहेरून आलेला ट्रकवाला पूर्वी पानटपरीवर विचारायचा, तेव्हा त्याला रस्ता तर कळायचाच, शिवाय ‘तिकडून कंटेनर वळायचा नाही, पुढच्या फाट्याने जा’ हेही कळायचं. आता मॅप विचारतो आणि गल्लीत अडकतो. मग खाली उतरून तोच प्रश्न टपरीवर विचारतो.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक पिढी हेच रडगाणं गाते. खरं आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस एका इजिप्शियन राजाची गोष्ट सांगतो. लिहिण्याची कला आली की माणसं आठवणं सोडतील, अशी त्या राजाची तक्रार असते. आणि ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणूनच! आमच्याकडे तर उदाहरण शेजारीच आहे. देहूला इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेराव्या दिवशी तरंगून वर आल्या ही कथा सगळ्यांना माहीत आहे. अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून गाथा तरली, असाही तिचा अर्थ लावला जातो. मला तो अर्थ आवडतो, कारण त्यात वहीचा तिरस्कार नाही. वही असावीच. ती बुडाली तर आपल्याकडे काय उरतं, एवढंच तो विचारतो.

फोनचा तिरस्कार करणं मला परवडणारंही नाही. तो लातूरचा पोरगा सीएनसीला लागणारी त्रिकोणमिती युट्यूबवरून शिकला, कारण त्याच्या आयटीआयत ती नीट कुणी शिकवली नव्हती. पगार झाला की त्याच रात्री तो घरी यूपीआयने पैसे पाठवतो. मनीऑर्डरीची वाट बघणाऱ्या पिढीला हे किती मोठं आहे ते विचारा.

म्हणून मला यात सगळ्यात जास्त टोचते ती पैशाची बाजू. हॅरी ब्रेव्हरमन हा अमेरिकन लेखक तरुणपणी तांबटकाम करायचा. १९७४ साली ‘लेबर अँड मोनोपॉली कॅपिटल’ या पुस्तकात त्याने दाखवलं की कामातला विचार कामगाराकडून काढून घेतला की कामगार स्वस्त होतो आणि सहज बदलता येतो. आमच्या लायनीवर हे रोज दिसतं. सायकल स्टार्ट दाबणाऱ्याच्या जागी उद्या दुसरा उभा करता येतो. काकांना मात्र निवृत्तीच्या वयानंतरही कंपनीने कॉन्ट्रॅक्टवर ठेवून घेतलं आहे. ते वेगाने काम करतात म्हणून नव्हे. आकडा चुकलाय हे त्यांना कळतं म्हणून. आता हीच कात्री ऑफिसातल्या खुर्च्यांपर्यंत आली आहे. चॅटबॉटचा रिपोर्ट जसाच्या तसा पुढे पाठवणाऱ्या इंजिनिअरची गरज कंपनीला किती दिवस वाटेल? यंत्र नोकरी घेईल का, यावर आपण खूप बोलतो. पण आपल्या कामातला शंका घेण्याचा भाग आपण आधीच स्वतःहून देऊन टाकला असेल, तर यंत्राला घ्यायला फारसं काही उरत नाही.

उपाय म्हणून फोन कपाटात ठेवा वगैरे मी सांगणार नाही. मीही ठेवत नाही. एकच सवय लावून घेतली आहे. आधी अंदाज, मग आकडा. हॉटेलचं बिल यायच्या आधी मनात बेरीज करतो. मोशीच्या पुलावरून चाकणला किती वेळ लागेल ते मॅप उघडण्याआधी ठरवतो. चॅटबॉटला काही विचारायचं असेल तर माझं उत्तर आधी दोन ओळींत कागदावर लिहितो, मग त्याचं वाचतो. अंदाज बऱ्याचदा चुकतो, कधीकधी हसण्याइतका चुकतो. चुकला तर माझा अंदाज सुधारतो. आणि कधीतरी, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, स्क्रीनच चुकलेली असते, आणि ते मला कळतं. याला लागणारा वेळ मी मोजून पाहिला. दोन-चार सेकंद, बिल मोठं असेल तर दहा.