नवोदयचा फॉर्म

शनिवार, रात्र. दुकानावर आज गर्दी. तेलाच्या बाटल्या, रुईच्या माळा, सगळा हिशेब पोरगा तोंडी करतो. गिऱ्हाईक पाकीट काढेपर्यंत सुटे पैसे तयार. पाचवीत आहे. मास्तर म्हणाले, "बुद्ध्यंक काढून घ्या." आकडा घेऊन करायचं काय? खरा प्रश्न शाळेचा. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून अशाच मुलांसाठी काम करतेय. पण बिऱ्हाड कोण हलवणार? टाकळी ढोकेश्वरचं नवोदय जिल्ह्यातच, राहणं-जेवण मोफत. प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न, त्यातले ४० बुद्धिमत्तेचे. झाली की चाचणी! सासूबाई कुरकुरतात, "बिनदाराच्या घरातलं लेकरू वसतिगृहात कोंडता?" त्यांची समजूत यांनी काढावी. सोमवारी मास्तरांकडून दाखला आणून फॉर्म भरायचा. पुण्याचा विषय बंद.