बद्द

जूनची एक तारीख लागली की खाडीत बोटी वर चढायला लागतात आणि माझा फोन वाजायला लागतो. मासेमारी बंदीचे एकसष्ट दिवस. जुन्या बोटींचे बहुतेक सौदे या दिवसांतच होतात, कारण बोटीचं पोट उघड्यावर येतं ते तेव्हाच. झापांनी नाहीतर निळ्या प्लॅस्टिकनं शाकारण्याआधी चार-आठ दिवस मिळतात. तेवढ्यात बोट दाखवायची, भाव ठरवायचा, डागडुजीला माणसं शोधायची.

मला बोलावतात ते पहिल्यांदा बोट घेणारे. पंधरा-वीस वर्षं दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून काढलेली, मग तांडेल म्हणून, आणि आता बायकोचं सोनं सोसायटीत ठेवून स्वतःची बोट घ्यायची. असा माणूस आला की थेट इंजिनाकडे जातो. किती घोड्यांचं, गिअर कधी उघडला होता, धूर कसला सोडतं. मालकानं पिंपात पाणी भरून, नळी लावून इंजिन चालू करून दाखवलं की तो खूश. मी आधीच हात लावून बघितलेलं असतं. इंजिन कोमट लागलं तर ते आपण यायच्या आधी एकदा चालवून झालंय, म्हणजे थंड असताना ते पटकन उठत नाही. मग विंच, जाळं, जीपीएस, आणि कागद बघायला सोबत आणलेला एखादा चुलतभाऊ. परवाना कशाचा आहे, बोटीवर कर्ज आहे का, डिझेलच्या परताव्याचं काय. हे बघायलाच हवं. पण इंजिन बदलता येतं, विंच बदलता येते, कागदही चार खेपा घालून सरळ होतात. लाकूड बदलायचं म्हणजे बोट मोडायची. म्हणून मी वर चढतच नाही. खाली पठाणाशी, म्हणजे बोटीच्या कण्याशी, चिखलात बसतो आणि हातोडी काढतो.

उघड्या लाकडावर ठोका मारून ते जिवंत की मेलेलं हे कुठलाही सुतार सांगेल. साग खणकन बोलतो, आईन जरा जाड आवाजात, आणि कुजलेलं काहीही बद्द. माझी अडचण वेगळी आहे आणि पंचवीस वर्षं ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. फायबर मारलेली बोट.

फायबर मारलं की फळीवर दुसरी एक कातडी चढते, आणि त्या कातडीला स्वतःचा आवाज असतो. ती घट्ट चिकटलेली असेल आणि तिच्या मागचं पाव इंच लाकूड शाबूत असेल, तर ठोका खणखणीत येतो. पुढचं इंच-सव्वा इंच चहाचा चोथा झालेलं असलं तरी. उलट ती फळीपासून सुटलेली असेल तर पोकळ वाजते, मागे लाकूड दगडासारखं असलं तरी. म्हणजे चांगल्या बोटीला मी वाईट म्हणू शकतो आणि वाईट बोटीला चांगली, दोन्ही वेळा अगदी प्रामाणिकपणे. सागाच्या बाबतीत तर हे नेहमीचंच. सागाच्या अंगातच तेल आहे, त्याच्यावर राळ नीट धरत नाही, दोन-चार वर्षांत कातडी सुटायला लागते. त्यामुळे सागाची बोट ठोकली की जागोजाग पोकळ बोलते आणि गिऱ्हाईक घाबरतं. मी सांगतो, घाबरू नकोस, लाकूड चांगलं आहे. पण हे सांगताना माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो.

कारण या दोन पोकळ आवाजांत फरक आहे. सुटलेल्या फायबरचा आवाज वरवरचा, पत्र्याच्या डब्यासारखा, ठोका संपल्यावरही किंचित थरथरणारा. कुजक्या लाकडाचा आवाज खाली बसणारा, मागे काही न ठेवणारा. दोन्ही एकाच जागी असले, म्हणजे कातडीही सुटलेली आणि मागचं लाकूडही गेलेलं, तर त्या थरथरीच्या खाली दुसरा आवाज ऐकावा लागतो. ते ऐकता येणं हीच माझी सगळी कमाई. साखरी नाट्यापासून हर्णैपर्यंत मला बोलावतात ते यासाठी.

बोट कुठे कुजते हे ठाऊक असलं तर अर्धं काम होतं. खाऱ्या पाण्यानं लाकूड कुजत नाही, मीठ ते टिकवतं. कायम बुडालेली फळी कुजत नाही, कारण बुरशीलाही हवा लागते. कोरडी फळी तर नाहीच नाही. भिजतं-सुकतं तिथे, आणि तेही गोड्या पाण्यानं, तिथे लाकूड जातं. ट्रॉलरवर गोडं पाणी येतं कुठून? पाऊस वरून येतो, त्यानं डेकच्या कडा आणि केबिनचे कोपरे जातात, ते दिसतं तरी. खरा घात करतो तो बर्फ. खणात टनांनी बर्फ भरतात, तो वितळतो, थर्माकोलच्या मागे झिरपतो आणि वाकांच्या, म्हणजे बोटीच्या फासळ्यांच्या, नि फळ्यांच्या मधे बसून राहतो. आतून खणालाही फायबर, बाहेरून पोटालाही फायबर, मधे फळी. तिला सुकायला वाट नाही. तिथे आतून हात पोचत नाही, डोळा पोचत नाही. बाहेरून ठोका मारून ऐकायचं, एवढंच उरतं.

पाण्याखालच्या किड्याची गोष्ट तर याहून वाईट. बाहेरून भोक टाचणीएवढं, आत बोटाएवढी वाट, तिला चुन्याचं अस्तर. फायबर शाबूत असलं तर तो शिरत नाही, हे फायबरचं मोठं पुण्य, आणि मी ते नाकारत नाही. पण पठाणाखाली दगडाला घासून नखाएवढी जागा उघडी पडली तरी त्याला पुरते. पोखरलेल्या फळीचं लाकूड कुजलेलं नसतं, दोन वाटांच्या मधलं लाकूड ठणठणीत असतं, त्यामुळे ती बद्द बोलत नाही. ती हलकी बोलते. हा तिसरा आवाज. पन्नास फळ्यांत एखाद्या वेळी भेटतो.

मी काय काय करून पाहिलं नाही! सकाळी दमट हवेत ठोकून बघितलं, दुपारी ऊन तापल्यावर त्याच जागी पुन्हा ठोकून बघितलं. डाव्या हाताचा तळवा फळीवर ठेवून उजव्या हातानं ठोकलं, की थरथर हाताला कळते का. पोट सुकल्यावर पाच-सहा दिवसांनीही कुठल्या जागी ओल पाझरते त्यावर खूण करून ठेवली. मालक तयार असेल तर बारीक भोक पाडून निघालेला भुसा हातावर घेतो, चुरगाळतो, हुंगतो. भुसा खोटं बोलत नाही. पण विकायला काढलेल्या बोटीला भोक पाडू देणारा मालक पाच वर्षांत एक भेटतो.

आता काहीजण ओल मोजायचं यंत्र घेऊन येतात. फळीवर टेकवलं की आकडा येतो, आकडा दाखवला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. घरबांधणीच्या लाकडावर ते यंत्र चांगलं काम करत असेल. बोटीच्या फळीत मीठ मुरलेलं असतं, मधे लोखंडी खिळे असतात, आणि या दोन्हींवर यंत्राचा आकडा खुशाल वर चढतो. शिवाय ओल म्हणजे कूज नव्हे. वर्षभर पाण्यात राहिलेली बोट ओली नसेल तर काय असेल? त्या आकड्यावर मोडीत गेलेली एक सागाची बोट मी बघितली आहे. अजून वीस वर्षं चालली असती.

आणि फायबर मारणारे. मी त्यांचा वैरी आहे असं बंदरात समजतात, ते खरं नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं रबराच्या झाडाचं लाकूड, जे एरवी बोटीच्या वाऱ्यालाही कुणी उभं करणार नाही, ते औषध मुरवून, त्यावर फायबर चढवून त्याच्या होड्या केल्या. ते काम मला मान्य आहे, कारण तिथे लाकडाची तयारी आधी आहे आणि कातडी नंतर. आमच्याकडे उलटं चालतं. बोट गळायला लागली की फायबर. जुलैच्या भर पावसात, प्लॅस्टिकखाली, ओल्या फळीवर, सात तारखेला हात लावून पंधरा तारखेला मोकळे. आत कोंडलेलं पाणी जाणार कुठे? माझ्या वडिलांनी आयुष्यभर मुशीचं तेल आणि काजूच्या टरफलांचं तेल फासलं. वास असा की आई त्यांचे कपडे घरात घेत नसे. पण त्या तेलाखालचं लाकूड श्वास घेत होतं, आणि गेलं तर गेलेलं दिसत होतं. साचात ओतलेली पूर्ण फायबरची बोट येते तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती लाकूड असल्याचा दावा करत नाही.

दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीला कान तपासून घेतला. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. सरळ चाललेली रेघ चार हजार हर्ट्झपाशी दरीत कोसळलेली, उजव्या कानाची जास्त. आयुष्यभर आवाजात काम केलेल्यांचं असंच होतं, म्हणाले. पाटा मारणं, खिळे ठोकणं, नंतर ते विजेचे रंधे. बोलणं मला नीट ऐकू येतं, त्यामुळे घरी कुणाला शंका आली नाही. गेली होती ती फक्त वरची थरथर. म्हणजे नेमकी तीच, जी सुटलेल्या फायबरला कुजक्या लाकडापासून वेगळं करते. मला आता सगळंच जरा बद्द ऐकू येतं.

तो कागद मी हत्यारांच्या पेटीत तळाला ठेवला.

माझ्या भाच्याचा मुलगा तेव्हा नुकताच माझ्या हाताखाली आला होता. आयटीआय करून आलेला, हातात सफाई कमी, पण आमच्या वाडीच्या भजनात पखवाज तो वाजवतो. डाव्या पुडीला कणीक लावताना कान खाली नेऊन जे ऐकतो, ते मी बघितलं होतं. त्याला पहिल्यांदा बोटीवर नेलं तेव्हा मी त्याला काहीच शिकवलं नाही. मी ठोकत गेलो, तो खडू घेऊन मागे चालला. तिसऱ्या की चौथ्या वाकापाशी त्याची डावी भुवई जराशी वर गेली. मी तिथे पुन्हा ठोकलं. पुन्हा गेली. मला दोन्ही वेळा एकच आवाज आला होता.

गेल्या जूनमध्ये आंजर्ल्याच्या खाडीत एक अठ्ठेचाळीस फुटी ट्रॉलर बघायला गेलो. घेणारा दाभोळकडचा, सोबत त्याची बायको. नवा कोरा रंग दिलेला, मालक भला माणूस, चहा आणवला. मी नाळेपासून, बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली. तासभर ठोकत होतो आणि त्या तासभरात मी फळीकडे एकदाही बघितलं नाही. मी पोराच्या तोंडाकडे बघत होतो. बर्फाच्या खणाशी, पाण्याच्या रेघेच्या वीतभर वर, त्याचे ओठ मिटले. मी थांबलो. त्याच जागी हळू ठोकलं, जोरात ठोकलं, तळवा लावला, डोळे मिटले. एवढं सगळं केलं. मग खडू मागून घेतला आणि साडेतीन फुटांचा चौकोन आखला. म्हटलं, "हे उघडा. आत काही नाही निघालं तर दुरुस्तीचे पैसे मी देतो."

मालक तयार झाला. फायबर फाडलं, वरचा पापुद्रा काढला, आणि पटाशी दांड्यापर्यंत आत गेली. दोन फळ्या आणि एका वाकाचा मधला भाग हातानं काढता येत होता. घेणाऱ्याची बायको माझ्या पाया पडायला आली. मालकसुद्धा म्हणाला, "काका, असा कान उभ्या किनाऱ्यावर नाही." मी म्हणालो, "देवाची कृपा."

पोरगा मागे उभा राहून हातातला भुसा चुरगाळत होता. परतताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. मी त्याला सांगायला हवं होतं. केळशीचा फाटा गेला, दापोली आली, खेड आलं. मी बर्फाच्या पाण्याबद्दल बोलत राहिलो.

त्या बंदीच्या दिवसांत आणखी तीन बोटी मी अशाच बघितल्या. तिन्ही वेळा बरोबर निघालो. फोन वाढले. एक बोट एक ऑगस्टला पाण्यात गेली तेव्हा मला मुद्दाम बोलावून नारळ माझ्या हातून फोडून घेतला, आणि मी तो फोडला. चाळीस वर्षांत मला एवढा मान मिळाला नव्हता, आणि तो मला हवा होता. म्हातारपणी हात थरथरला तर लोक सांभाळून घेतात, हातोडी दुसऱ्याकडे देतात. कान गेलेला माणूस मात्र चारचौघांत उभा राहतो आणि कुणाला काही दिसत नाही. याचा फायदा मी घेतला. माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान पोराचं ऐकणं मी माझ्या नावावर विकलं, आणि त्याला मजुरी दिली ती खडू धरायची.

या जूनमध्ये जैतापूरच्या खाडीत पहिली बोट बघायला गेलो. मी हातोडी काढली, पण पोरगा मागे आला नाही. शिडीवरून वर चढला आणि नाळेकडच्या खणात उतरायला लागला. तिथे वाकं उघडी आहेत, आतून हात लावता येतो. खाली वाकून म्हणाला, "आबा, आत मी बसतो. तुम्ही बाहेरून ठोका." मग त्याचं डोकं दिसेनासं झालं.

त्याला किती कळलंय, कधीपासून कळलंय, मी विचारलं नाही. माझ्यासमोर दीड इंच फळी, तिच्यावर हिरवा रंग. मी पहिला ठोका मारला. दुसरा मारला. पुढच्या वाकाकडे सरकलो, तिसरा. आतून दोन ठोके आले, तळव्याला लागतील एवढे. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं.

मी खडू काढला आणि ती जागा कुणी शोधली ते त्याला सांगितलं.